आठळ्यांचं पाणी आणि तिसरा माळा

मे महिन्यात गावाहून आणलेल्या आठळ्या आई मातीत घोळवून डब्यात जपायची. त्यातल्या शेवटच्या दोन किलो मी प्रयोगशाळेसाठी उचलल्या, आणि घाटकोपरच्या आमच्या घरात आठवडाभर मला कोणी नीट जेवायला वाढलं नाही.

फणसाच्या आठळीत एक प्रथिन असतं, ते रक्ताच्या गुठळ्या करतं. गवारीच्या डिंकाचे दाणे काचेच्या नळीत भरून वरून आठळ्यांचं गाळलेलं पाणी सोडायचं. दाणे तेवढंच प्रथिन धरून ठेवतात, बाकी सगळं खाली वाहून जातं. मग साखरेच्या पाण्याने ते सोडवून घ्यायचं. पीएचडीच्या सरांनी बजावलं होतं, "शनिवारपर्यंत शुद्ध प्रथिन दाखव, नाहीतर विषय बदल." दोन वर्षांचं काम होतं, माझी पाचावर धारण बसली होती.

पंप कुठला असायला! बाटली जितकी उंच, तितकी धार जोरात. गुरुवारी मी घाईघाईत बाटली थेट कपाटावर चढवली. सगळं पाणी तासाभरात खाली उतरलं, मी खूश. मग बोट टोचून खालच्या पाण्यात रक्ताचा थेंब टाकला, तर झकास गुठळ्या! म्हणजे प्रथिन नळीत थांबलंच नव्हतं. वाट लागली.

तेवढ्यात मी विसरलेला डबा घेऊन आई साकीनाक्याच्या प्रयोगशाळेत हजर. मी रागाने ते पाणी बेसिनमध्ये ओतणार, तर तिने माझा हात धरला.

"माझ्या आठळ्यांचा पाणी ना ह्या? टाकतंस कित्याक?"

पेजसुद्धा न फेकणारी बाई ती. मी वैतागून सगळं सांगितलं. तिने नळीकडे पाहिलं, मग कपाटाकडे.

"इतक्या घायेत जाता ता, धरतलो कोण त्येका? बाटली खाली घे. आपल्या तिसऱ्या माळ्यार नळ कसो ठिबकता, तसा होऊ दी."

मला मनापासून लाज वाटली. धरायला वेळ लागतो, हे मी पुस्तकात वाचलं होतं आणि परीक्षेत लिहिलंही होतं. मी बाटली स्टुलावर उतरवली आणि तेच पाणी पुन्हा वरून सोडलं. मिनिटाला आठ थेंब. आई शेजारी बसून मोजत होती आणि मी डबा खात होतो. या वेळी खालच्या पाण्यात एकही गुठळी झाली नाही. पुढची धुण्याची पायरी मात्र जोरात चालते, तेव्हा बाटली पुन्हा कपाटावर गेली.

शनिवारी सरांनी निकाल पाहिला आणि वहीतल्या एका ओळीवर बोट ठेवलं. 'वेग: मिनिटाला आठ थेंब. आधार: आई.' त्यांनी लाल पेनाने 'आई' खोडलं, पण विषय राहू दिला.

प्रबंधात तिथे इंग्रजीत 'अनुभवावरून' असं छापलं गेलं. आईला इंग्रजी वाचता येत नव्हतं. मी त्या शब्दावर बोट ठेवून म्हटलं, "ही तू."

तिने चष्मा पुसला, तो शब्द बराच वेळ पाहिला आणि विचारलं, "आणि माझ्यो आठळ्यो खंय आसत?"