सेकंद काटा

पेट्रोलचा वास आला की मला इतवारा बाजारातलं घड्याळाचं दुकान आठवतं; तिथे वाटीतल्या पेट्रोलमध्ये घड्याळांचे भाग धुवायला ठेवलेले असायचे. माझं नर्सिंगचं पहिलं वर्ष होतं, घरातून कॉलेजात गेलेली मीच पहिली. गावाहून, फोपनारहून येताना बसच्या धक्क्यानं माझ्या हातातल्या आईच्या घड्याळाचा सेकंद काटा निसटला आणि काचेखाली लोळू लागला. "बेटा, टाइम तर दिसतोय ना? सेकंदाचं काय लोणचं घालायचंय?" दुकानदार काका हसले. "टाइम नाही, काका," मी चाचरत म्हणाले, "उद्या प्रॅक्टिकलला नाडी मोजायचीय. मोबाइल नेऊ देत नाहीत." काकांनी काच उघडून पाहिलं. "काट्याच्या नळीचं भोक ढिलं झालंय, काटा टिकणार नाही." मी स्टुलावरून उठलेच नाही. शेवटी त्यांनी डोळ्याला भिंग लावलं, चिमट्यानं काट्याची नळी हलकेच आवळली आणि काटा पिनेवर दाबला. तो मिनिट काट्याला अडकला. "परत बसवा ना," मी म्हणाले. त्यांनी तो काढून पुन्हा बसवला, तेव्हा कुठे तो सरळ फिरला. मी निघाले तर काकांनी मनगट पुढे केलं, "अशी कशी चालली? आधी माझी मोज." मी त्यांच्या नाडीवर बोटं ठेवली आणि काटा फिरून पुन्हा बारावर येईपर्यंत त्यांचा हात सोडला नाही. आता शेवटच्या वर्षाला आहे. वॉर्डात पेशंटचा हात अजूनही तसाच धरते.