मडक्यांचा एक्स-रे

दोन्ही मडकी माझ्या टेबलावर, बीपीच्या मशीनशेजारी ठेवली गेली, तेव्हा बाहेर बाकावर आठ-दहा पेशंट बसले होते. मडकी मातीची होती, तोंडाला लाल फडकं बांधलेली. दोन्ही अगदी सारखी.

"डॉक्टर, ह्यातलं आमचं कुठचं, तेवढं सांगा," समोरचा तरुण म्हणाला.

त्याचं नाव दत्ताराम सावंत. गोरेगावच्या एका फिल्म स्टुडिओत तो सुतारकाम करायचा. सोबत त्याची आई, सावंतकाकी, होती. तिसरे गृहस्थ कर्णिक, बँकेत अधिकारी. कडक इस्त्रीचा शर्ट, डोक्याचा चकोट केलेला. डोकं दत्तारामचंही तसंच होतं. दोघांचे वडील एकाच दिवशी गेले होते आणि दोघांच्या चिता शेजारी-शेजारी होत्या. सावडायला दोन्ही घरांना उशीर झाला. स्मशानातल्या माणसाने आपणच अस्थी गोळा करून मडक्यांत भरल्या आणि वर नावाच्या चिठ्ठ्या चिकटवल्या. चिठ्ठ्या ओल्या होऊन गळून पडल्या.

मी विचारलं, "पण माझ्याकडे का आलात?"

"बाहेर बोर्ड आहे ना तुमचा!"

बोरिवलीत मी दवाखाना थाटला, ते ऐंशीच्या दशकाचं मधलं एखादं वर्ष असेल. पेंटरला बोर्डावर जागा पुरली नाही, म्हणून 'अस्थिरोगतज्ज्ञ' मधला 'रोग' त्याने गाळून टाकला. उरलं 'अस्थितज्ज्ञ'. मला ते तेव्हा सुटसुटीत वाटलं. पण आपल्या बोलण्यात जिवंत माणसाची असतात ती हाडं, आणि सावडल्यावर त्यांच्या होतात अस्थी. त्यामुळे त्या बोर्डाचा सरळ अर्थ दत्तारामने लावला तोच होता.

"मी यांना सांगितलं, हे फ्रॅक्चरचे डॉक्टर आहेत," कर्णिक ओशाळून म्हणाले.

"मग ह्यात काय भाजी आहे काय? हाडंच आहेत ना?" दत्ताराम म्हणाला.



प्रश्न मात्र खरा होता. सावंतांना त्या रात्रीच्या एसटीने गावी जायचं होतं. अस्थी आमच्या नदीत सोडा, असं वडील शेवटपर्यंत बजावत होते. कर्णिकांना दुपारी गाडीने नाशिकला निघायचं होतं. त्यांच्या वडिलांना गोदावरी हवी होती. मडकी बदलली असती, तर दोघेही भलत्याच पाण्यात गेले असते.

चितेनंतर जे उरतं, त्याला आपण राख म्हणतो. खरं तर ती बहुतेक हाडांचीच असते. हाडातलं सेंद्रिय द्रव्य जळून जातं, चुन्यासारखे क्षार मागे राहतात. पांढरे, हलके, बोटांनी चुरडतील असे तुकडे. हे मला पुस्तकातून माहीत होतं. त्या दिवशी हातांनाही कळलं. अशा तुकड्यांवरून फार तर गुडघ्याची वाटी आहे की मणका, एवढं ओळखता येतं. माणूस ओळखता येत नाही.

म्हणून मी नेहमीचा प्रश्न विचारला. "वडिलांचं कधी हाडाचं ऑपरेशन झालं होतं?"

"खुब्याचं," कर्णिक म्हणाले. "बाथरूममध्ये घसरले होते. स्क्रू घातला होता."

मांडीच्या हाडाला वरच्या टोकाशी एक बारीक मान असते. म्हातारपणी हाडं ठिसूळ होतात आणि साध्या पडण्याने ती मान मोडते. ती जुळवायला स्क्रू घालतात. तो पोलादाचा असतो, चितेत वितळत नाही. मला हायसं वाटलं. ज्या मडक्यात स्क्रू, ते कर्णिकांचं.

"थांबा, लोहचुंबक आणतो," म्हणत दत्ताराम समोरच्या रेडिओ रिपेअरवाल्याकडून स्पीकरचं चुंबक घेऊन आला. दोन्ही मडक्यांवरून फिरवलं. काही चिकटलं नाही.

"म्हणजे कोणीतरी आम्हाला फसवलंय! स्क्रू घातलाच नव्हता!" कर्णिक ताडकन उठले.

मी त्यांना खाली बसवलं. शरीरात घालतात ते पोलाद गंजू नये म्हणून वेगळ्या प्रकारचं बनवतात. त्याला चुंबक लागत नाही. "आपण एक्स-रे काढू," मी म्हणालो.

माझे टेक्निशियन पेडणेकर अतिशय शिस्तीचे. त्यांनी मडकी पाहिली, मला पाहिलं.

"सर, व्ह्यू कुठला? पुढून की बाजूने?"

"मडकं गोल आहे हो, पेडणेकर."

"तरी लिहावं लागतं."

त्यांनी एका मडक्याजवळ उजव्या बाजूचं शिशाचं R अक्षर ठेवलं, दुसऱ्याजवळ डाव्याचं L. मग पडद्यामागे जाऊन वर्षानुवर्षांच्या सवयीने ओरडले, "हलू नका! श्वास रोखा!"

सावंतकाकी, दत्ताराम आणि कर्णिक, तिघांनीही श्वास रोखला. मीही रोखला होता, हे नंतर माझ्या लक्षात आलं. "सोडा," म्हणायला पेडणेकर विसरले आणि थेट डार्करूममध्ये गेले.

ओल्या फिल्म मी लाइटच्या पेटीवर लावल्या. R मडक्यात स्क्रू स्पष्ट दिसत होता.

"हे आमचं!" कर्णिकांनी मडक्याला हात घातला.

"जरा थांबा," मी म्हणालो. स्क्रूला अगदी खेटून इंग्रजी आठच्या आकड्यासारखी एक तार दिसत होती. "अशी तार गुडघ्याची वाटी फुटल्यावर बांधतात. तुमच्या वडिलांच्या गुडघ्याला काही झालं होतं?"

"नाही."

"आमच्या आबांची वाटी फुटलेली," मागून दत्ताराम हळूच म्हणाला. "गिरणीच्या जिन्यावरून पडलेले. वाट लागली!"

L मडक्यात धातूचा कणही नव्हता. नुसती हाडं.

"मग त्यात कोण आहे?" कर्णिकांचा आवाज चिरकला.

"दोघेही असावेत. गोळा करतानाच सरमिसळ झाली. आणि ह्यातही दोघे."

तेवढ्यात पेडणेकरांनी सवयीप्रमाणे रिपोर्टचा कागद पुढे केला. त्यावर लिहिलं होतं : 'जुनी फ्रॅक्चर्स. हाडांची जुळणी समाधानकारक नाही.'

कर्णिक खुर्चीत बसले. त्यांचे डोळे भरून आले होते. "असं कसं होईल हो? आमचे बाबा कधीच कोणात मिसळायचे नाहीत."

"आता मिसळले मां!" काकी म्हणाल्या.

कोणी हसलं नाही. मग कर्णिकच हसले. आधी रडल्यासारखे, मग खरंच.

काकींनी माझ्या टेबलावरचा पेपर खाली अंथरायला लावला. दोन्ही मडकी त्यावर उपडी केली. सगळं हाताने नीट कालवलं आणि पुन्हा निम्मं-निम्मं भरलं.

"निम्मे नाशकाक न्हेवा, निम्मे आमच्या नदीत. दोघय दोनीकडे जातले."

"पण बाबा कधी कोकणात गेले नव्हते," कर्णिक म्हणाले.

"मगे आता जांवदे. आमच्यांनी तरी नाशिक खंय बघलेला?"

कर्णिकांनी स्क्रू रुमालात बांधला. काकींनी तार पदराच्या टोकाला गाठ मारून ठेवली. "गुडघो गुडघो करीत जलम काढल्यानी. आता गोदावरीत बुडी मारतले, दुखूचो नाय."

दोन्ही घरं आपापल्या दिशेने गेली. पुढे काही दिवसांनी कर्णिक कंबर दाखवायला आले, तेव्हा कळलं, ते नाशिकहून परस्पर सावंतांच्या गावी जाऊन आले होते. "बाबा तिथेही आहेत ना," ते म्हणाले. कंबर एसटीच्या धक्क्यांनीच धरली होती.

एक्स-रेमध्ये हाड कुठलं ते दिसतं, कुठे मोडलं ते दिसतं. कोणाचं, हे घरच्यांनी ठरवायचं असतं.