पलंग पुढे नेऊन द्यायचा असतो

आत्या गेली त्या दुपारी तिचा मोबाइल माझ्याकडे होता. घर माणसांनी भरलं होतं, बाबा दारात उभे राहून येणाऱ्यांना भेटत होते, आणि मी तिच्या खोलीत खिडकीशी उभी होते, कारण तिथे कुणाशी बोलावं लागत नव्हतं. फोन वाजला. अनोळखी नंबर मी सहसा उचलत नाही, पण हा तिचा फोन होता आणि ती प्रत्येक फोन उचलायची. पलीकडून एका बाईचा दमलेला आवाज आला, "बाई, दवाखान्यातल्यासारखा पलंग भेटल का जी? माह्या बाबाले लकवा मारला. परवा घरी सोडून राहिले त्याले." खोलीच्या मधोमध तसाच पलंग होता. थोड्या वेळापूर्वीच त्यावरून आत्याला उचलून बाहेर नेलं होतं... मी म्हणाले, "मिळेल. आम्ही आणून देऊ." पत्ता विचारला, लिहून घेतला. ज्या बाईंना ती विचारत होती त्या आता नाहीत, हे मात्र मी सांगितलं नाही. तिच्यापुढे तिचे वडील होते, तेवढं पुरेसं होतं.

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेली, लग्न न केलेली, मनीषनगरला आमच्याच घरात वरच्या मजल्यावर राहणारी. निवृत्तीनंतर ती आजाऱ्यांना लागणाऱ्या वस्तूंचं एक केंद्र चालवायची. पलंग, व्हीलचेअर, वॉकर, पाण्याची गादी, जे लागेल ते न्यायचं, भाडं नाही. हे ऐकायला साधं वाटतं, आणि ती स्वतःही ते साधंच आहे असं म्हणायची. पण तिच्या डोक्यात त्यामागे सगळा इतिहास असायचा. रस्त्यात एखादी जुनी पाणपोई दिसली की ती स्कूटर थांबवायला लावायची. दगडावर कुणाचं नाव आहे, कुणाच्या स्मरणार्थ आहे, ते मला मोठ्यानं वाचायला सांगायची. इंग्रजी शाळेमुळे मी जोडाक्षरांवर अडखळायचे, ती हसायची, आणि मग विचारायची, "नाव वाचलं. आता सांग, पाणी भरायले कोण येत होतं?" ते कुठेच लिहिलेलं नसायचं.

माझे आजोबा गिरणीत होते. त्यांच्या वस्तीतलं वाचनालय त्यांनी आणि त्यांच्या पाळीतल्या लोकांनी पगारातून थोडं थोडं काढून बांधलं होतं. धम्मदीक्षा घेतली तेव्हा जुन्या गोष्टी घरातून बाहेर काढल्या, मग रिकाम्या झालेल्या जागेत पुस्तकं यायला हवी होती, असं आत्या सांगायची. ज्यांनी बांधलं त्यांची नावं तिथे नाहीत. उद्घाटनाला आलेल्या पाहुण्याचं तेवढं आहे. ही गोष्ट बाबांना कायम लागून राहिली होती. आत्याला तिचा राग नव्हता, अभिमान होता. शहर अशाच लोकांनी चालतं, म्हणायची, जे सरकारची वाट पाहत नाहीत आणि शेठचीही नाही.

शेठ म्हणजे तिच्या बोलण्यात बहुतेक वेळा शंकरलालजी. आमच्या गल्लीच्या टोकाला राहणारे, धान्याचा व्यापार मुलांवर सोपवून बसलेले. त्यांच्या आजोबांनी धर्मशाळा बांधली होती, संगमरवरावर नाव असलेली, आणि तिचा उल्लेख केल्याशिवाय त्यांचा चहा संपत नसे. ओळख झाली त्या पहिल्या दिवसांत एकदा ते असेच रंगात आले होते. आत्या शांतपणे म्हणाली, "शंकरलालजी, तुमच्या आजोबाच्या धर्मशाळेत माह्या बापाले ओंजळीत वरून पाणी ओतत. लोट्याले हात लावू देत नव्हते." मी तिथेच बसले होते. शंकरलालजी चहा अर्धा टाकून उठले. मला वाटलं, आता हा माणूस पुन्हा येणार नाही. आठवड्यानं ते आले. "घरी विचारलं मी काकाले," म्हणाले. "खरं आहे बाई." मग खिशातून किल्ली काढून पुढे केली. त्यांचं गॅरेज रिकामं होतं. आत्यानं किल्ली घेतली, आभार मानले नाहीत. "पंखा लावून द्या तिथं, लय गरम होते," एवढंच म्हणाली. पंखा लागला. केंद्र आमच्या जिन्याखालून गॅरेजमध्ये गेलं, आणि तेव्हापासून दर रविवारी सकाळी हे दोघं तिथे बसून भांडायचे.

भांडणाचा विषय एकच, नाव. शंकरलालजींचं म्हणणं, देणाऱ्याचं नाव वस्तूवर लिहायला हवं. "नाव नाही लागलं तं देईन कोण बाई? माणूस आहे तो, देव नाही." आत्या म्हणायची, "अन् घेणाऱ्यानं का करावं? आठ महिने दुसऱ्याच्या नावावर झोपून राहावं?" ते चिडवायचे, "तुमच्या बापाचं नाव वाचनालयावर पाहिजे, अन् माह्या आजोबाचं नको!" त्यावर ती चष्मा वर करून बघायची. "तुमच्या आजोबाचं आहे ना लागलेलं? मी का छिन्नी घेऊन गेली होती?" एकदा कुठल्याशा कंपनीचे लोक नव्या व्हीलचेअर घेऊन आले, सोबत बॅनर आणि कॅमेरावाला. त्यांना वस्तू नेणाऱ्या घरांचे फोटो हवे होते. आत्या म्हणाली, "पलंगाचा काढा ना जी. तो लाजत नाही." शंकरलालजी इतके हसले की कॅमेरावालाही हसायला लागला. फोटो पलंगाचाच निघाला.

तिचा नियम मात्र कुठल्या पुस्तकातून आला नव्हता. एकदा सावनेरकडचा, कोळशाच्या खाणीत काम करणारा एक माणूस बायकोची व्हीलचेअर परत करायला आला होता. बायको गेली होती. तो गॅरेजच्या बाहेरच उभा होता, आत येत नव्हता, परतही जात नव्हता. नेमकं त्याच वेळी एका घरचे लोक व्हीलचेअर न्यायला आले. त्यांच्या म्हातारीला ऑटोत कसं बसवायचं, खुर्ची कशी मिटवायची, त्यांना काही जमेना. हा पुढे झाला. "असं नाही, आधी ब्रेक लावा लागते," म्हणत त्यानं खुर्ची मिटवली, ऑटोत चढवली, आणि कुणी न सांगता स्वतःही बसला. म्हातारीला घरी पोचवून परत आला तेव्हा त्यानं पाणी मागून घेतलं आणि आत येऊन बसला. खूप वेळ बोलला, बायकोबद्दल. आत्या रात्री जेवताना मला म्हणाली, "आला तेव्हा घेणारा होता तो. जाताना नव्हता." पुढच्या रविवारपासून तिनं वस्तू परत घेणं बंद केलं. ज्याचं काम झालं त्यानं ती गॅरेजमध्ये आणायची नाही, पुढच्या घरी नेऊन द्यायची, कशी वापरायची ते दाखवायचं. मेलेल्या माणसाचा पलंग म्हणून लोक बिचकतील, असं शंकरलालजींना वाटलं होतं. काही बिचकलेही. पण समोर घाम पुसत उभा असलेला माणूस, ज्यानं त्याच पलंगावर आपल्या आईचं सगळं केलं, त्याला नाही म्हणणं बहुतेकांना जमलं नाही.

मग आत्याच आजारी पडली. पलंग लागला तेव्हा तोही तसाच आला, ज्यांच्या घरचं काम झालं होतं त्यांच्याकडून. भिवापूरचे दोघं भाऊ टेम्पो घेऊन आले, सोबत मोठ्याची बायको. त्या वहिनी अगदी घरच्यासारख्या आत्याच्या उशाशी बसल्या आणि पलंगाचा दांडा फिरवून दाखवू लागल्या. "हे पाहा मावशी, असं फिरवलं का डोक्याकडून वर येते. जोरात नका फिरवू, अटकते." तो दांडा आत्यानं स्वतः किती वेळा तेल घालून सोडवला होता. ती लहान मुलीसारखी मान हलवत ऐकत होती. मी काही बोलणार इतक्यात तिनं मला नजरेनंच थांबवलं. निघताना मोठा भाऊ म्हणाला, "अन् मावशी, तुमचं बरं झालं का वापस नका पाठवू. पुढच्या घरी नेऊन द्या लागते. नियम आहे तसा."

"असं का?" आत्या म्हणाली. "कोणी केला हा नियम?"

तो विचारात पडला. भावाकडे बघितलं, बायकोकडे बघितलं. "माहीत नाही जी. असंच आहे इथं."

टेम्पो गेल्यावर आत्यानं मला जवळ बोलावलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ती हसत होती. "ऐकलं वं? माहीत नाही म्हणे!" संध्याकाळी शंकरलालजी आले तर त्यांनाही तेच. "या, बसा, हारले तुम्ही आज." एवढं खूश मी तिला तिच्या निवृत्तीच्या सत्कारातही पाहिलं नव्हतं.

म्हणून ती गेल्यावर दुसऱ्याच दिवशी शंकरलालजींनी संगमरवराची फरशी आणली तेव्हा मला काय वाटलं ते सांगणं अवघड आहे. त्यांनी ती प्रेमानंच आणली होती. गॅरेजवर आत्याचं नाव लावायचं, अक्षरं कोरणारा माणूस ठरवला होता. मी बाबांना भिवापूरच्या लोकांची गोष्ट सांगितली. बाबा ऐकून घेऊन म्हणाले, "तुले नाही समजणार बेटा. नाव नको म्हणणं त्यायले सोपं आहे ज्यायचं आधीच लागलेलं आहे. वाचनालयावर माह्या बापाचं नाव कुठं आहे? आपल्या घरातलं एक तरी लागू दे ना... त्याच्या पोरीचं तरी." त्यांच्या म्हणण्यात खोट नव्हती. आत्याच्या म्हणण्यातही नव्हती. निर्णय बाबांचा होता, ते तिचे भाऊ. मी फक्त म्हटलं, "पलंग द्यायचा आहे एका घरी. मी शब्द दिलाय."

टेम्पोत पलंगाशेजारी बाबा आणि मी बसलो. फोनवरच्या बाईंचं घर अरुंद बोळात, दार त्याहून अरुंद. पलंग आडवा करून, एक टोक उचलून आत घ्यावा लागला. एका बाजूला टेम्पोवाला, एका बाजूला मी, समोर बाबा, आणि चौथा कोपरा त्या बाईंनी स्वतः पदर खोचून धरला होता. आत खाटेवर त्यांचे वडील पडल्या पडल्या सगळं बघत होते. दारात अडकलो असताना बाईंनी विचारलं, "कोणाच्या नावाचा आहे जी हा पलंग? दिवा लावताना नाव घेईन म्हणते."

बाबांनी तोंड उघडलं. मला माहीत होतं ते काय सांगणार... पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. ते थांबले. "माह्या बहिणीचा होता," म्हणाले. "आता तुमच्या बाबाचा. तिकडून उचला, हं, थोडं डावीकडं." पलंग आत गेला. बाबांनी दांडा फिरवून दाखवला, जोरात फिरवू नका म्हणाले, आणि काम झालं की पुढच्या घरी नेऊन द्या, हेही सांगितलं. म्हाताऱ्याची पाठ वर आली तेव्हा त्याला खिडकीतून बोळ दिसायला लागला. तो तिकडेच बघत राहिला.

परतताना बाबा टेम्पोतल्या पलंगाच्या रिकाम्या जागेकडे बघत होते. मग म्हणाले, "नाव सांगितलं असतं तं तिनं हात जोडले असते. अन् तिच्या हातात तं पलंग होता." थोड्या वेळानं, "शंकरलालले फोन लाव."

फरशी कोरीच राहिली. दुकानदार परत घेईना, म्हणून ती गॅरेजमध्ये दोन विटांच्या थरांवर ठेवली आहे आणि आम्ही तिच्यावर चहा पितो. रविवारी मी जाते, फोन माझ्याकडेच असतो, आणि अनोळखी नंबर उचलायची आता सवय झाली आहे. शंकरलालजी रिकाम्या व्हीलचेअरमध्ये बसतात, फरशीवर पडलेले चहाचे डाग बघतात आणि मोठ्यानं म्हणतात, "मकराण्याचा दगड हा! चहा प्यायले!" मग आत्याच्या खुर्चीकडे बघून थांबतात. टोला तिकडून यायचा, त्याची वाट बघत.

पहिले काही रविवार ती शांतता तशीच राहिली. परवा मी म्हणाले, "मग कप उचला ना जी, अन् पुसून टाका. दगड तुमचा, डागही तुमचेच."

ते वळून माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी खरंच कप उचलला, धोतराच्या सोग्यानं फरशी पुसली, आणि गॅरेजबाहेर ऐकू जाईल इतकं हसले.