चांदीच्या डोळ्यांचा बुद्ध

भोईवाड्याच्या चाळीतली सुंदराबाई गिरगावातल्या एका जुन्या वस्तूंच्या दुकानात झाडलोट करायची. मालक हेमचंद्र बोलायला गोड. कोटावर संयुक्त महाराष्ट्राचा बिल्ला आणि तोंडी सदानकदा ‘आपण मराठी माणसं’.

सत्तावन्नच्या उन्हाळ्यात दुकानात तिबेटातली एक बुद्धमूर्ती आली. अंग पितळेचं, पण डोळ्यांत चांदी बसवलेली, ओठांना तांबं, चिवराच्या काठात सोन्याची बारीक तार ठोकलेली. सुंदराबाईच्या हातातला झाडू थांबला. आदल्याच डिसेंबरात दादरच्या चौपाटीवर तिनं दीक्षा घेतली होती. घरात बुद्ध होता तो कॅलेंडरातून कापलेला. तिनं पदरानं मूर्तीच्या गुडघ्यावरची धूळ पुसली.

नेमक्या तेव्हाच मूर्ती घ्यायला आलेल्या ललिताबाई दारात थबकल्या. नाक मुरडून म्हणाल्या, “हिनं शिवली? अहो, देवघरात ठेवायची होती मला. विष्णूचा नववा अवतार ना हा?”

हेमचंद्र ओशाळून हसला. “काळजी नको. गोमूत्र शिंपडून, शुद्ध करून पाठवतो.”

सुंदराबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“कुणाला शुद्ध करताय, साहेब? हा कुणाचा अवतार नाय. दीक्षेत तशी शपथ घेतलीय आम्ही. आमच्याच बुद्धाला आमचा विटाळ?”

“सुंदराबाई, माझ्या मनात काही नाही हो. गिऱ्हाइकाचं मन राखावं लागतं.”

“आणि माझं मन काय रस्त्यावर पडलंय? संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चात घोषणा द्यायला आमच्या बाया चालतात. तिथं कुठं शिंपडता गोमूत्र?”

तिनं मूर्तीच्या पायांवर दोन्ही हात ठेवले, कपाळ टेकवलं. “आता शिंपडा किती गोमूत्र शिंपडायचं ते!” झाडू तिथंच टाकून ती बाहेर पडली.

मूर्ती शेवटी ललिताबाईंच्याच घरी गेली. गोमूत्र शिंपडूनच.

दत्ताराम, तिचा नवरा, रात्री जेवताना म्हणाला, “जरा तोंड आवरायचं होतंस.”

“तू आवर तुझं,” तिनं भाकरी त्याच्या ताटात आपटली.

ती शिवडीच्या गोदामात गोणी शिवायला जाऊ लागली. दाभणानं बोटं फुटायची. एकदा शेजारच्या मालननं विचारलं, “दिसायला कसा होता गं तो बुद्ध?”

सुंदराबाईनं आठवून पाहिलं. “सांगता येत नाय गं. आठवायला गेलं की त्या बाईचं मुरडलेलं नाकच पुढं येतं. तेवढंही ठेवलं नाय मेल्यांनी माझ्यापाशी.”