नागपूर की बंगळूर

देवमन तेलगोटे चहा बशीत ओतायचा आणि निवेपर्यंत बशीकडेच पाहत बसायचा. चालताना पावले मोजायचा. बावीस झाली की किंचित थबकायचा. पत्र फोडण्याआधी ते उजेडाकडे धरायचा. कोणताही फॉर्म हाती आला की आधी धर्माचा रकाना हुडकायचा, तिथे ठळक अक्षरांत 'बौद्ध' लिहायचा, मग वर येऊन नाव. हेलिकॉप्टरला कधी बोट दाखवायचा नाही, हनुवटीने दाखवायचा. 'लय थकलो बे' असे रोज म्हणायचा, आणि म्हणून झाले की उठून कामाला लागायचा.

नारायणला या सवयी पाठ होत्या. अमरावतीच्या कॉलेजात दोघांची गाठ पडली होती. नारायण वकिलाघरचा. मराठी घेऊन एम. ए. झाला आणि अकोल्याच्या एका हायस्कुलात मास्तर म्हणून लागला. देवमन इंटर सायन्सपर्यंत आला आणि तिथेच थांबला. बाप गेला होता. माय, सुंदराबाई, अकोल्यात जिनिंगमध्ये कामाला जायची.

पासष्ट साली मुंबईच्या एका कंपनीचे हेलिकॉप्टर कपाशीवर औषध फवारायला अकोल्याकडे आले. कंपनीला झेंडीवाले हवे होते. देवमन लागला.

काम पाहायला सोपे होते. वावराच्या दोन्ही टोकांच्या धुऱ्यांवर, म्हणजे बांधांवर, एकेक माणूस पांढरी झेंडी उंच धरून उभा राही. हेलिकॉप्टर एका झेंडीवरून दुसऱ्या झेंडीवर सरळ जाई आणि मागे औषधाचा पट्टा सोडत जाई. ते गेले की दोन्ही झेंडीवाले बावीस पावले बाजूला सरकत आणि पुन्हा उभे राहत. झेंडी कलली तर पट्टा वाकडा जाई आणि मधल्या ओळी कोरड्या राहत. देवमनची झेंडी कधी कलली नाही. औषध त्याच्या अंगावर भुरभुर पडे. पहिल्या दिवशी त्याने नाकातोंडाला दुपट्टा बांधला. तिसऱ्या दिवशी सोडला. उकडत होते.

"वरतून कसं दिसत असीन रे वावर?" तो नारायणला विचारायचा.

"कपाशीसारखं दिसत असीन. दुसरं काय दिसते?" नारायण म्हणायचा.

"तुले काई समजत नाही. तू आपली कविता शिकव."

त्या कंपनीचा एक नियम होता. खाली काम करणाऱ्यांपैकी एकाला दरसाल हेलिकॉप्टर चालवायला शिकवायचे, खर्च कंपनीचा. माणूस दोन हंगाम राबलेला हवा, चालू हंगामात कामावर हवा, शाळेत दाखल होताना पंचविशीच्या आत हवा. हेलिकॉप्टर चालवणाऱ्या कॅप्टनने शिफारस द्यायची. शाळा मात्र त्या माणसानेच निवडायची आणि का निवडली ते लिहून द्यायचे.

सहासष्टच्या आषाढात कॅप्टनने देवमनला शिफारस दिली. कॅप्टन मुलखावेगळा माणूस होता. हिंदीत बोलायचा आणि कमी बोलायचा. तो म्हणाला, "बिल्डिंग का फोटो मत देखना. पूछना, कितनी मशीनें हैं और कितनी उडती हैं."

देवमनने तीन ठिकाणी पत्रे घातली. इंग्रजी नारायणचे, प्रश्न देवमनचे. यंत्रे किती आणि त्यातली चालू किती? महिन्यातले किती दिवस हवा उडण्याजोगी असते? शिकवणारा शेजारी किती तास बसतो? तुमच्याकडून शिकून गेलेली माणसे आज कुठे आहेत?

"हा चौथा प्रश्न काहून?" नारायणने विचारले.

"तू पोरगी देताना घर पाहतं का नाही? अगोदरच्या सुना कशा आहेत ते पाहा लागते."

विलायतेतल्या शाळेने गुळगुळीत कागदावरची पुस्तिका धाडली. हिरवळ, लाल विटांची इमारत, ओळीने उभी हेलिकॉप्टरे. तेवढ्या खर्चाला कंपनी तयार नव्हती, आणि हवेच्या प्रश्नाला त्यांनी उत्तरच दिले नव्हते. देवमनने ती बाजूला ठेवली. सुंदराबाईने तिच्यावर फणी-आरसा ठेवला.

बंगळूरच्या शाळेचे उत्तर चार पानी आले. यंत्रे चार, चालू तीन. पहिल्या दिवसापासून हेलिकॉप्टरच. मागच्या तुकडीतल्या नऊ जणांपैकी सात कामाला लागले, त्यांची नावे खाली. वर्ग नोव्हेंबरात सुरू. डॉक्टरी तपासणी सप्टेंबरअखेर मुंबईला.

नागपूरच्या फ्लाइंग क्लबाचे पोस्टकार्ड आले : समक्ष येऊन भेटावे.

तो पॅसेंजरने गेला. आल्यावर नारायणच्या खोलीवर भिंतीला टेकून बसला.

"दोन विमानं हायेत. एकाचं इंजिन काढून ठेवलं. हेलिकॉप्टर नाही. तिथी अगोदर विमान शिका, दीड वर्ष, मग हेलिकॉप्टरसाठी दुसरीकडं जा. डिसेंबरात तपासणी, जानेवारीत सुरू होते."

"म्हणजे नागपूर गेलं."

"थांब ना बे. शिकवणारा मानूस लय चांगला हाये. मले बसवलं, चहा पाजला. म्हने, घाई करू नको, हवा समजाले येळ लागते. माह्या चारी प्रश्नाले खरं उत्तर देल्लं. एक विमान बंद हाये हे त्यानं सोताच सांगितलं."

आठ दिवस देवमन त्याच फेऱ्यात होता. सकाळी नागपूर, संध्याकाळी बंगळूर. दोन्ही पत्रे खिशात घेऊन वावरात उभा राही. कॅप्टनने तोंड घातले नाही. कंपनीचा स्थानिक मुकादम खुशालराव म्हणाला, "कोठीही जाय, पन जाय एकडावचा. तुह्या त्या कागदाईनं डोकं उठलं माहं."

सुंदराबाईचा कौल नागपूरला होता. तिने भाकरी थापता थापता सांगितले, "नागपूरले जाय बाबू. रैवारी येशीन तरी. त्या बंगरूळात कोन हाये आपलं?"

"बंगळूर, माय."

"तेच ते. तिथी भाकर भेटते काय?"

"भात भेटते."

"मंग?" म्हणजे झालेच, असे तिचे म्हणणे.

नारायणचे मत वेगळे होते. तो म्हणाला, "अबे, मोटार हाकायची तर अगोदर दीड वर्ष बैलगाडी कोण शिकते? चार पानी उत्तर देणारी शाळा सोडून तू पोस्टकार्डाच्या मागं काहून लागला?"

देवमनने निवलेला चहा संपवला. "हौ," म्हणाला. "दीड वर्षात मी म्हातारा दिसाले लागीन." तो तेव्हा तेवीस वर्षांचा होता.

नारायणने इंग्रजीत अर्जाचे कारण लिहिले. चांगले लिहिले. देवमनने सही केली. बंगळूर.

सप्टेंबर हा ऐन फवारणीचा महिना. पाऊस उघडला होता, अळी पडली होती, कास्तकार कॅप्टनच्या मागे लागले होते. देवमनने तपासणीच्या आदल्या दिवसापर्यंत झेंडी धरली. सुट्टी मागावी असे त्याला वाटले नाही. शिफारस हातात असताना कामचुकार कसे दिसायचे? दिव्याखाली वाचताना अक्षर अंधूक दिसते, असे तो एकदा म्हणाला होता. नारायण म्हणाला, झोप कमी झाली. दोघांनीही ते खरे मानले.

मुंबईच्या डॉक्टरांनी कान तपासले, छाती तपासली, पळायला लावले. सगळे ठीक. मग अंधाऱ्या खोलीत नेऊन डोळे तपासले. देवमनच्या बाहुल्या टाचणीच्या डोक्याएवढ्या होत्या. अंधारातही त्या उघडेनात. मंद उजेडातले एकही अक्षर त्याला वाचता आले नाही. डॉक्टरांनी काही विचारले नाही. कागदावर लिहिले : अपात्र.

तो परत आला तो थेट खोलीवर. दारातच बसला.

"लय थकलो बे," म्हणाला. त्या दिवशी मात्र उठला नाही.

अकोल्याच्या सरकारी दवाखान्यातल्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी बॅटरी मारून पाहिले आणि विचारले, "फवारणीवर आहात का?"

"हौ साहेब."

"मग औषध भिनलंय अंगात. त्यानंच बाहुल्या आवळतात. ते काम तीन आठवडे बंद ठेवा, डोळे आपोआप नीट होतील."

अठरा दिवसांत डोळे नीट झाले. नारायणने संध्याकाळी खोलीतला दिवा बारीक करून वर्तमानपत्र समोर धरले. देवमनने सगळ्यांत खालची बारीक जाहिरात वाचून दाखवली. दोघेही हसले नाहीत. कंपनीने ती जागा मुंबईच्या एका मेकॅनिकला देऊन टाकली होती. कॅप्टनने दोन पत्रे पाठवली, डोळे नीट झाल्याचा दवाखान्याचा कागद जोडला. उत्तर आले : पुढच्या वर्षी विचार करू.

नागपूरची तपासणी डिसेंबरात होती. फवारणी दिवाळीच्या सुमाराला आटोपते. हे दोन्ही पहिल्यापासून ठाऊक होते. चार प्रश्न विचारले. तपासणीच्या दिवशी आपण कुठून उठून जाणार, हा पाचवा सुचला नाही. देवमनला नाही आणि इंग्रजी लिहिणाऱ्यालाही नाही. देवमनने त्याबद्दल एका शब्दाने बोल लावला नाही. नारायणला ते फार जड गेले.

सदुसष्ट हे शेवटचे वर्ष होते. अडुसष्टच्या मार्चात देवमनला पंचवीस पुरी होणार होती. नागपूर जानेवारीत सुरू होई, म्हणजे बसत होते. या वेळी कारण त्याने स्वतः लिहिले, मोडक्या इंग्रजीत, दोन ओळी. शिकवणारा खरे बोलतो. तपासणी हंगामानंतर आहे. नारायणने एक चूक दुरुस्त करायला पेन उघडले.

"राहू दे," देवमन म्हणाला. "माहंच राहू दे."

कंपनीच्या यादीत राहायचे तर हंगाम करणे भाग होते. कॅप्टनने वाट काढली. देवमनने झेंडी धरायची नाही. फवारणी ज्या गावात असेल तिथे आदल्या दिवशी जायचे आणि तिथल्या झेंडीवाल्यांना शिकवायचे. देवमनने ते मनावर घेतले. वारा पाठीवर घेऊन उभे राहा. तोंड बांधा, उकडले तरी बांधा. अंग ओले झाले तर झेंडी टाका, कपडे काढा, साबणाने आंघोळ करा. मग बिडी, मग भाकर.

"अन् पट्टा वाकडा गेला तं?" एकाने विचारले.

"जाऊ दे. कपाशी पुढच्या साली येते."

"मास्तर झाला बे तू," खुशालराव म्हणाला. "आता छडी घे."

तपासणीची तारीख आली, अठरा डिसेंबर. देवमनने पत्र उजेडाकडे धरले, फोडले, वाचले, परत घडी घातली. सुंदराबाईने जिनिंगमधल्या बायांना सांगून टाकले की पोरगा नागपूरला चालला, रविवारी येत जाईल.

पाचव्या गावी देवमन शिकवून झाल्यावर मुक्कामालाच राहिला होता. सकाळी फवारणीला एक झेंडीवाला आलाच नाही. बाजाराचा दिवस होता. कॅप्टन वर होता, ढग जमत होते, कास्तकार हात जोडून उभा होता. खुशालराव इकडे तिकडे माणूस पाहत होता. देवमनने झेंडी उचलली.

दहा पट्ट्यांचे काम होते. दुसऱ्या पट्ट्याला वारा फिरला. खुशालरावने नंतर सांगितले ते असे : "मी वरडलो, देवमन, सोड. त्यानं हात हालवला. मले वाटलं, सोडते. तं बावीस पावलं सरकला अन् पुन्हा उभा राह्यला." सदरा अंगाला चिकटला होता. दहावा पट्टा झाल्यावर त्याने विहिरीवर आंघोळ केली. खुशालरावने जीपमध्ये बैस म्हटले, तर म्हणाला, मी एस. टी.नं जातो, तुमचं काम राहिलं. अकोल्याच्या स्टँडवर उतरताना तो पायरीवरच कोसळला.

नारायण शाळेतून दवाखान्यात धावला. देवमनच्या तोंडाला फेस होता. श्वास घरघरत होता. तेच म्हातारे डॉक्टर होते. त्यांनी बॅटरी मारली आणि मान फिरवली. सुया दिल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला देवमन गेला.

सुंदराबाई रडली नाही. ती खाटेशी बसून राहिली. "साऱ्या गावाले सांगत होता," एवढेच म्हणाली, "अन् सोता..."

कॅप्टन आला, टोपी हातात धरून भिंतीशी उभा राहिला. त्याने विचारले, "नागपूर को खबर किसने दी?" कोणीच दिली नव्हती. नारायणने पोस्टात जाऊन तार केली.

चौथ्या दिवशी खुशालराव कंपनीचे कागद न्यायला घरी आला. सुंदराबाईने पेटी उघडून दिली. कागदांत देवमनच्या अक्षरातला एक तक्ता निघाला. या हंगामातल्या अकरा गावांची नावे, प्रत्येकापुढे झेंडीवाल्यांच्या नावांना आणि त्यांना सांगितल्याच्या खुणेला जागा.

"उद्या फवारणी कोठी आहे?" नारायणने विचारले.

"सहाव्या गावाले."

"तिथल्या लोकांना कोण सांगणार?"

खुशालरावने तक्त्यातल्या देवमनच्या अक्षरावर बोट ठेवले. "सांगनारा तं हाच होता," म्हणाला.

खुणा पाच गावांपुढे होत्या. सहाव्यापुढे दोन नावे लिहिलेली होती, नत्थुजी आणि बुधाजी, खूण नव्हती. त्याखाली पाच गावे होती. त्यांच्यापुढे अजून माणसांची नावेही लिहायची राहिली होती.