मळ्याकडे निघालेली पाटी

आधी माफी मागतो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी सहीपलीकडे काही लिहिलेलं नाही. मी कॉलेजात इतिहास शिकतो, पण इतिहास लिहिणं वेगळं, हे मला कळतं. ज्यांच्याविषयी लिहितो आहे त्यांच्यावर गौरवग्रंथ निघाले आहेत, विद्वानांनी व्याख्यानं दिली आहेत. त्यांच्या मोठ्या आयुष्यातले काहीच दिवस आमच्या फुलांच्या मळ्यात गेले. मला लिहिता येईल ते तेवढंच, आणि तेही नीट जमेल की नाही, सांगता येत नाही.

त्यांना सगळा जिल्हा भाऊ म्हणतो. बेचाळीसच्या चळवळीत ते कोवळ्या वयाचे होते. तारा तोडल्या, भूमिगत झाले, पकडले गेले, तुरुंगात राहिले. स्वातंत्र्यानंतर निवडून आले, पुढे मंत्री झाले. आमच्या तालुक्यातल्या द्राक्षबागांना पाणी देणारा कालवा त्यांचा. एकदा तत्त्वाला धरून राजीनामा दिला आणि सरकारी गाडी मुंबईतच सोडून एस.टी.ने नाशिकला आले, ही गोष्ट म्हातारी माणसं अजून सांगतात. आता ते शंभरीला टेकले आहेत. गंगापूर रोडला बंगल्यात असतात.

ते भूमिगत असताना लपले होते ते आमच्या मळ्यातल्या खोपीत. माझे पणजोबा त्यांना भाकरी नेऊन देत. शेवटी पोलिसांनी भाऊंना तिथेच धरलं. पणजोबांनाही नेलं होतं आणि त्यांचं उजवं मनगट मोडून परत पाठवलं. त्यानंतर त्यांना त्या हाताने कधी हार ओवता आला नाही.

हे मला आबांनी, म्हणजे आजोबांनी, सांगितलं. त्या वेळी ते लहान होते, पण तो काळ काल घडल्यासारखा सांगतात. भाऊ तुरुंगातून सुटले त्या वर्षापासून आमच्याकडे एक रीत आहे. दसऱ्याच्या झेंडूचा पहिला तोडा देवाला, आणि देवाच्या मागोमाग एक भरलेली पाटी भाऊंकडे. ती विकायची नाही. आधी पणजोबा नेत, मग आबा, मग बाजारात जाणारा जो कुणी असेल तो. पाटी बंगल्याच्या मागच्या दाराला द्यायची, थोडं थांबायचं आणि परत घ्यायची. परत येताना तिच्यात मूठभर साखर असायची. आबा ती साखर घरातल्या प्रत्येकाच्या हातावर ठेवत.

"भाऊ इसरले नाय," ते म्हणत.

शेजारच्या मळ्यातले आमचे चुलत आजोबा दर वर्षी टोमणा मारायचे. "पाटीभर झेंडू अन् मूठभर साखर. तुझा भाऊ यापारी चांगला हाय." आबा हसायचे, पण त्यांना ते लागत असावं. कारण एवढ्या वर्षांत भाऊंनी एकाही भाषणात आमच्या मळ्याचं नाव घेतलं नव्हतं. ते आमच्या गावात कधी आलेही नव्हते.

गेल्या वर्षी आमच्या सरांनी एखाद्या वयस्कर माणसाची मुलाखत घेऊन यायला सांगितलं. मी आबांना म्हणालो, तुमचीच घेतो. ते म्हणाले, "माझी कशाला? भाऊंची घे. माझ्या बाचं नाव त्यांच्या तोंडून निघू दे, अन् ते मला तुझ्या मोबाइलवर ऐकव. मग मी मोकळा."

ओळखीने ओळख काढत मी बंगल्यावर पोचलो. काही रविवार गेलो. भाऊंना ऐकू कमी येतं, पण बोलणं स्वच्छ आहे. तुरुंगातली भाजी, पहिल्या निवडणुकीतला सायकलवरचा प्रचार, विधानसभेतलं पहिलं भाषण, हे सगळं त्यांनी सांगितलं. राजीनाम्याबद्दल विचारलं तर म्हणाले, "त्याचं फार कौतुक करू नकोस. एस.टी.त खिडकीची जागा मिळाली म्हणून आलो." मला ते फार आवडले, हे प्रामाणिकपणे लिहितो. मी आमच्या घरचा संबंध सांगितला नव्हता. आधी त्यांच्या तोंडून यावं, अशी माझी इच्छा होती.

एका रविवारी त्यांनी आपणहून विचारलं, "तू कुठल्या गावचा?"

मी गावाचं नाव सांगितलं. ते खिडकीकडे वळले.

"तिथंच धरलं मला," ते म्हणाले. "मळ्यातल्या खोपीत. मळेवाल्यानंच दिलं."

मला वाटलं, भाकरी दिली असं म्हणतायत. मी विचारलं, "काय दिलं?"

"मला दिलं. पोलिसांना." त्यांचा आवाज चढला नाही. "सांजेची भाकरी आली नाही. सकाळी पोलीस आले, इकडंतिकडं न बघता सरळ खोपीकडं. माझी जागा एकाच माणसाला ठाऊक होती. नाव मी विसरलो. मुद्दाम विसरलो."

मोबाइल टेबलावर चालूच होता. तो बंद करायचं मला सुचलं नाही.

"तुला एक सांगतो," ते म्हणाले. "आता लपवून काय करायचं? मी मंत्री असताना तुझ्या गावच्या पुलाची फाईल माझ्यापुढं आली होती. मी ती खाली ठेवली. पुन्हा वर काढली नाही. गावाचं काय चुकलं होतं, असं विचारशील."

"काही चुकलं नव्हतं," त्यांनीच उत्तर दिलं. "पण ठेवली."

तेवढ्यात स्वयंपाकाच्या मावशी चहा घेऊन आल्या. काहीतरी बोलायला हवं म्हणून मी म्हणालो, "दसऱ्याला आमच्या गावाहून तुमच्याकडे झेंडूची पाटी येते."

"कुठली पाटी?" भाऊंनी मावशींकडे पाहिलं.

"अहो, ती मागच्या दाराला येते ना, तोरणाची फुलं," मावशी म्हणाल्या. "मला वाटायचं बाजारातली उधारी असेल. कुणी पैसे मागत नाही म्हणून मी विचारलं नाही."

"आणि साखर?" मी म्हणालो.

"रिकामी पाटी परत देऊ नये, बाळा. माझ्या आधीची बाई घालायची, म्हणून मी घालते."

बसमध्ये मला सारखी ती साखर आठवत होती. लहानपणी आबा तळहातावर ठेवायचे तेव्हा आम्ही भावंडं एकेक कण जिभेवर घेत असू. ती भाऊंनी पाठवलेली साखर होती म्हणून.

पुलाबद्दल थोडं सांगायला हवं. आमचं गाव नदीच्या अलीकडे आणि शाळा पलीकडे. मधे फरशी, म्हणजे नदीतून जाणारी बुटकी दगडी वाट, होती. पावसाळ्यात ती पाण्याखाली जायची आणि मुलं घरी बसायची. माझ्या वडिलांची शाळा तशीच सुटली, गावातल्या बहुतेकांची तशीच सुटली. भाऊ राजकारणातून बाजूला झाल्यावर खूप वर्षांनी पूल झाला, तेव्हा मी प्राथमिक शाळेत होतो. मी कॉलेजात आलो तो हुशार होतो म्हणून नाही. माझ्या वेळी पूल होता. आणि आबा आम्हाला नेहमी सांगत, "भाऊंनी पूल कवाच मंजूर केलता, खालच्या लोकांनी अडवला."

वडिलांना मी सगळं सांगितलं. ते ओट्यावर फुलं निवडत होते. त्यांनी हात थांबवला नाही.

"म्हणजे भाऊंनी माझी शाळा सोडवली," ते म्हणाले आणि हसल्यासारखं केलं. "अन् मी दर वर्षी त्यांना फुलं नेऊन देतोय. पुढच्या वेळी विचार, गणितातून तरी सुटलो, आभार मानू का?" मग थोड्या वेळाने म्हणाले, "म्हाताऱ्याला सांगू नको."

आबांनी विचारलंच. "काय म्हनले? बाचं नाव घेतलं?"

"त्यांना आपला मळा आठवतो," मी म्हणालो.

"मंग ऐकव की."

"आवाज नीट आला नाही, आबा."

त्यानंतर मी बंगल्यावर गेलो नाही. भाऊंचा राग येत होता, पण रागापेक्षा वाईट असं काहीतरी होतं. मला पणजोबांचा संशय यायला लागला. मनगट मोडेपर्यंत मारल्यावर माणूस बोलला असेल तर? आबांनी इतक्या वर्षांत सांगितलेली गोष्ट म्हणजे एका लहान मुलाने ऐकलेली, त्याच्या बापाने सांगितलेली गोष्ट. वर्गात आम्हाला शिकवतात की साक्षीदार कोण आहे ते आधी पाहा. मी ते आमच्याच घरात पाहू लागलो, आणि मला स्वतःची लाज वाटली. सरांना मी दुसऱ्याच एका निवृत्त शिक्षकांची मुलाखत लिहून दिली.

दसरा आला. पहिला तोडा झाला. देवाला फुलं गेली. आबांनी पाटी स्वतः भरली आणि म्हणाले, "औंदा मी येतो."

वडील म्हणाले, "या वयात कुठं? पोरगं देऊन येईल."

"पोराच्या मोबाइलात आवाज येत नाय," आबा म्हणाले. "माझ्या कानात येईल."

रिक्षात ते पाटी मांडीवर धरून बसले होते. मी वाटेत त्यांना सांगायचं ठरवलं होतं. मखमलाबाद नाका गेला, बंगला आला, मी सांगितलं नाही. ते मागच्या दाराकडे वळले. मी त्यांचा हात धरून पुढच्या दाराने नेलं.

भाऊ व्हरांड्यात खुर्चीवर होते. त्यांनी मला ओळखलं. "बरेच दिवस आला नाहीस," म्हणाले.

आबांनी पाटी त्यांच्या पायाशी ठेवली आणि समोरच्या स्टुलावर बसले. "भाऊ, ओळखलं का? तुम्ही ज्या मळ्यात व्हते, त्या मळेवाल्याचा मी पोरगा."

भाऊंनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता ते बोलतील, आणि आबांना ते ऐकावं लागेल. मी उठून उभा राहिलो. पण आबा थांबायला तयार नव्हते. कितीतरी वर्षांचं साठलेलं होतं.

"आमच्या बाची चूक तुम्हाला ठाऊकच असंल," ते हसत म्हणाले. ही गोष्ट घरात आम्ही विनोद म्हणून ऐकलेली. "भाकर कुणाला दिसू नाय म्हनून बा ती फुलांच्या पाटीत ठेवायचा. वर झेंडू पसरायचा. अन् सांजच्याला गावातून मळ्याकडं निघायचा. आता तुम्हीच सांगा, फुलं मळ्यातून बाजारात जातात. भरलेली पाटी मळ्याकडं कोन नेतं? पोलीसपाटलानं वाटंतच इचारलं, 'काय रं, झाडांना परत चिकटवायला चालला व्हय?' फुलं उपसली तं खाली भाकर."

मी ही गोष्ट लहानपणापासून ऐकत होतो, आणि कधी नीट ऐकली नव्हती.

भाऊंनी कानाला हात लावला. "कधी?"

"आं?"

"पाटलानं अडवलं, ते कधी?"

"तुम्हाला धरलं त्याच्या आदल्या सांजेला. तिथूनच नेला बाला चौकीवर. रातभर इचारत व्हते, भाकर कुनाची. हा हात मोडला तिथं." आबांनी आपलं उजवं मनगट पुढे केलं, जणू ते त्यांचंच मोडलं होतं. "बा म्हनायचा, मी माझीच भाकर सांगत राह्यलो. पन पाटी मळ्याकडं चालली व्हती, अन् मळ्यात खोप एकच. त्यांना कुनी सांगायची गरजच नव्हती."

पणजोबा खरंच काही बोलले नव्हते का, हे मला आजही सांगता येणार नाही. ते तिथे असलेल्या आम्हा तिघांपैकी कुणालाच सांगता येणार नव्हतं.

मावशी पाटी आत न्यायला आल्या होत्या. भाऊंनी वाकून एका हाताने पाटीचा काठ धरला होता. तो त्यांनी सोडला नाही.

"आदल्या सांजेला," ते म्हणाले.

"सांजेलाच की," आबा म्हणाले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग पुन्हा भाऊंकडे. "म्हंजे? तुम्हाला कुनी सांगितलंच नाय?"