कोऱ्या लेटरहेडवरची सही

संपदा महापालिकेवर निवडून आली त्या दिवशी गुलालानं माखलेल्या लेकीला बघून शुभदाबाईंना आधी भीतीच वाटली होती. दोन हजार सात साल. वॉर्ड बायकांसाठी राखीव झाला, म्हणून तिकीट जावयाऐवजी लेकीला मिळालं. सगळ्यांनी गृहीत धरलं की सही बाई करतील आणि कारभार निकेतराव बघतील. पण संपदानं पहिल्याच आठवड्यात नवऱ्याला सांगून टाकलं, "तू माझा नवरा आहेस, वॉर्डाचा नाहीस." निकेत हसला आणि आपल्या नोकरीवर गेला. वर्षभरात तिनं मासळी बाजारात नळ आणला, राई गावाहून मासळीच्या पाट्या घेऊन येणाऱ्या कोळणींसाठी संडास बांधून घेतले. बाजारातल्या बायका तिला 'आमची बाय' म्हणत.

घरचं ऑफिस शुभदाबाई सांभाळत. गॅससाठी, रेशनकार्डासाठी, शाळेसाठी लोक रहिवासी दाखला मागायला येत आणि संपदा बाहेर असली की हात हलवत परत जात. म्हणून युक्ती त्यांनीच काढली. सकाळी संपदानं वीस कोऱ्या लेटरहेडवर सह्या करून जायचं. नाव-पत्ता भरून शिक्का मारायचं काम त्यांचं. टेलिफोन खात्यात तीस वर्षं काढलेल्या या बाईनं कुठल्या साहेबाला कोऱ्या कागदावर सही करू दिली नसती. लेकीच्या घरात मात्र त्यांना त्यात काही वावगं दिसलं नाही.

महासभेची कार्यक्रमपत्रिका आली तेव्हा ते दिसलं. मासळी बाजाराची जागा एका इमारतीसाठी द्यायचा प्रस्ताव होता आणि सोबत संपदाचं पत्र: स्थानिकांची हरकत नाही. सही खरी. शिक्काही खरा, त्यांच्याच हातचा, नेहमीसारखा डावीकडे कललेला. शुभदाबाईंना गणपतीतली दुपार आठवली. पक्षाचा जितेंद्र दारात उभा राहून म्हणाला होता, "काकू, दोन दाखले हवेत, माणसं खाली थांबलीत. मीच भरतो ना." त्यांनी दोन कागदांवर शिक्के मारून दिले होते.

हे त्यांनी संपदाला सांगितलं. ती म्हणाली की पत्र आपलं नाही असं ती सभेत उठून सांगणार.

ही बातमी कशी फुटली कोण जाणे. दुसऱ्याच दिवशी फोन आला. पलीकडचा माणूस फार अदबीनं बोलला. "माँजी, इशिता बेटी की बस सवा चार को आती है ना?" एवढंच. शुभदाबाई चपला न घालताच गेटवर धावल्या. बस दहा मिनिटं उशिरा आली. त्या दहा मिनिटांत त्यांनी नातीला किती तऱ्हांनी गमावलं, ते त्यांचं त्यांनाच ठाऊक.

त्या संध्याकाळी त्यांनी लेकीपुढे हात जोडले. पत्र तुझंच म्हण, कोळणींना दुसरी जागा मिळेल, आपल्याला दुसरी इशिता मिळायची नाही. संपदाही घाबरली होती. पण ती म्हणाली, "आई, आज गप्प बसले तर पुढची चार वर्षं ते याच फोनवर मला चालवतील."

सभेच्या दिवशी शुभदाबाई नातीचा हात घट्ट धरून प्रेक्षकांच्या गॅलरीत बसल्या. शेजारी गोदूबाई कोळीण आणि बाजारातल्या इतर बायका. खाली संपदा उठली.

"सही माझी आहे, मजकूर माझा नाही. कोऱ्या कागदावर सही केली ही माझी चूक."

मागून कुणीतरी म्हणालं, "बाई, उद्या घरही असंच द्याल लिहून." सभागृह हसलं. कागद कुणाच्या हाती दिला होता, असं पीठासीन अधिकाऱ्यांनी विचारलं. संपदानं मान खाली घातली. "सांगता येत नाही," ती म्हणाली. जितेंद्रचं नाव घेतलं की आईचं घ्यावं लागणार होतं. मग पत्र ग्राह्य धरावं लागेल, असं व्यासपीठावरून उत्तर आलं.

गॅलरीतून बोलायला परवानगी नव्हती. शुभदाबाईंनी पर्समधून पेन काढलं आणि कागदावर लिहिलं, की कोरा कागद शिक्का मारून मी दिला, जितेंद्रला, गणपतीच्या तिसऱ्या दिवशी. खाली पूर्ण नाव, पत्ता. अक्षर इतकं थरथरलं की सही त्यांची त्यांनाच ओळखू येईना. शिपायानं चिठ्ठी खाली नेली. ती मोठ्यानं वाचली गेली आणि चौकशी होईपर्यंत प्रस्ताव थांबला.

जिन्याच्या तळाशी जितेंद्र उभा होता. "काकू, तुम्हीपण," तो हळूच म्हणाला. शुभदाबाईंनी नातीला जवळ ओढलं. मागून गोदूबाई आली आणि तिनं इशिताचा दुसरा हात धरला. "चल बाय. आमी पंधरा जनी हाव, पोर मधी चालंल." बायका दोन्ही बाजूंनी पुढे झाल्या आणि जितेंद्रला भिंतीला टेकावं लागलं.

फाटकापाशी संपदानं आईला गाठलं. "कशाला लिहिलंस? तू तर घाबरली होतीस."

"अजून घाबरलेय," शुभदाबाई म्हणाल्या आणि नातीच्या मागोमाग चालू लागल्या.